सेकंडहँड इलेक्ट्रिक स्कूटर: पाच महिने उभी होती, घेऊ का?

कोपरखैरणेकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

मी कोपरखैरण्याला माथाडींच्या बैठ्या घरांत राहते. नोकरी वागळे इस्टेटला, एका पॅकिंगच्या युनिटमध्ये अकाउंट्स बघते. आत्तापर्यंत कोपरखैरणे ते ठाणे लोकल आणि पुढे शेअर रिक्षा. लोकलबद्दल तक्रार नाही. पण ठाणे स्टेशनबाहेर वागळेच्या रिक्षाच्या रांगेत आयुष्याचे किती तास गेले, याचा हिशेब मी अकाउंटंट असूनही मुद्दाम केलेला नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक काका राहतात, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांचा मुलगा जूनमध्ये कॅनडाला गेला आणि त्याची इलेक्ट्रिक स्कूटर तेव्हापासून दारात प्लास्टिकखाली उभी आहे. एप्रिल २०२२ ची. मीटरवर ७,४०० किलोमीटर. नंबर एमएच-४३, एकच मालक. कागदावर बॅटरी ३ युनिटची, म्हणजे ३ किलोवॅट-तासांची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलत्याच भांडणात जाईल. काका ६० हजार म्हणतायत. त्यांचं म्हणणं, "तीन वर्षांत सात हजार म्हणजे काहीच नाही चालली, नवीनच आहे."

माझं रोजचं अंतर जाऊन-येऊन ३५ किलोमीटरच्या आसपास. ठाणे-बेलापूर रोडने ऐरोली, पूल ओलांडून मुलुंड आणि तिथून वागळे. घर तळमजल्यावर आहे, खिडकीतून वायर काढली की गाडीपर्यंत पोचते.

नवरा रबाळ्याला शिफ्टमध्ये असतो. त्याला पेट्रोलच्या गाड्या आवाजावरून कळतात. ही आवाजच करत नाही, त्यामुळे तो नुसता तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून परत आला. सासूबाईंचं मत, "बंद पडलेलं घड्याळ आणि उभी राहिलेली गाडी घेऊ नये."

वॉरंटी तीन वर्षांची होती, ती संपली. नेमकं बघायचं काय? आणि ६० हजार बरोबर आहेत का?

दिघा फाटक

ताई, पेट्रोलची घ्या. बिघडली तर नाक्यावरचा कोणीही दुरुस्त करतो. हिला कॉम्प्युटर लावावा लागतो.

बॅटरीवाला कळवा

सासूबाईंना नमस्कार सांगा. धाग्यातलं आत्तापर्यंतचं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य त्यांचं आहे.

माझी ओळख: कळव्याला छोटं दुकान आहे. आधी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, गेली काही वर्षं लिथियमचे पॅक, म्हणजे बरेच छोटे सेल जोडून केलेल्या बॅटऱ्या, उघडतो, तपासतो, बांधतो. त्यामुळे मी स्कूटर म्हणून स्कूटरकडे बघतच नाही. माझ्या लेखी ती एक बॅटरी आहे, तिला दोन चाकं आणि एक सीट लावलेली.

काकांचं "काहीच नाही चालली" हे पेट्रोलच्या गाडीचं गणित आहे. तिथे इंजिन किलोमीटरने झिजतं. लिथियमचा सेल चालवल्याने झिजतो तसाच नुसता बसूनही म्हातारा होतो, आणि दोन अवस्थांत फार लवकर होतो. एक, पूर्ण भरून उन्हात ठेवला तर. दोन, पूर्ण रिकामा ठेवला तर. पहिल्यात तो हळूहळू आटतो. दुसरी अवस्था वाईट. गाडी बंद असली तरी आतलं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट), ते ॲपचं सिमकार्ड, ही मंडळी थेंब थेंब करंट पीतच असतात. ५ टक्क्यांवर उभी केलेली गाडी काही महिन्यांत खरोखरची शून्याखाली जाते. सेल साधारण अडीच व्होल्टच्या खूप खाली जाऊन पडून राहिला, तर आतल्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. मग चार्जर लावल्यावर ते तांबं भलत्या जागी जाऊन बसतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती राहते. असा सेल चार्ज घेतो, गाडी चालते, गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळं होतं. पुढचं माझ्या दुकानात.

म्हणून पहिला प्रश्न किलोमीटरचा नाही. पोरगा विमानात बसला तेव्हा बॅटरी किती टक्के होती? मधे कोणी चार्ज केली का? किती वेळा? ती उभी आहे तिथे दुपारचं ऊन येतं का? काकांना घाबरवू नका, गप्पा मारत विचारा. पोलिसी पद्धतीने विचारलं की माणसं गोड खोटं बोलतात.

आता तपासणी. स्क्रीनवर जे टक्के दिसतात तो बीएमएसचा अंदाज आहे. शंभर टक्के म्हणजे "आत्ता जेवढं मावतं तेवढं भरलं". तांब्या मोठा की पेला, हे त्यात दिसत नाही. ते मोजायचा गरिबाचा उपाय म्हणजे प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर. ऑनलाइन मिळतो, हजाराच्या आत येतो. तो भिंतीच्या पॉइंटला लावा, त्यात चार्जर लावा. गाडी २० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत चालवा, मग सलग १०० पर्यंत भरा आणि मीटरने किती युनिट मोजले ते लिहून ठेवा. आकडा इथे टाका, गणित मी करून देतो. मीटर घेताना आपल्या चार्जरचे अँपिअर त्याला झेपतात का ते बघा, आणि एक्स्टेन्शन बोर्डावर हा उद्योग करू नका. घराचं अर्थिंगही या निमित्ताने तपासून घ्या. जुन्या बैठ्या घरांत अर्थिंगची वायर असते, पण ती कुठेच गेलेली नसते.

चालवताना चढ हवा. सपाटीवर आजारी बॅटरीही गुणी दिसते. तुम्हाला बेलापूरचा पारसिक हिलचा रस्ता बरा पडेल. मागे नवऱ्याला बसवा, ४० टक्क्यांच्या आसपास असताना चढवा आणि टक्क्यांवर नजर ठेवा. चढावर आकडा थोडा खाली येऊन सपाटीला परत वर येणं चालतं. ३५ वरून एकदम १५ झाला, किंवा गाडीने दम सोडला, तर आतला एखादा सेलचा गट बाकीच्यांच्या मागे पडलाय.

मग गाडी स्टँडवर लावा, मोबाईलचा टॉर्च घेऊन खाली झोपा. लाज वाटू देऊ नका, साडी नेसली नसली म्हणजे झालं. बॅटरीच्या खोक्याला खालून स्पीडब्रेकरचे घाव आहेत का? नुसते ओरखडे चालतील, पोचा नको. चार्जिंगच्या पिना तपकिरी पडल्यात का, प्लास्टिक वितळल्यासारखं वाटतं का? नाक लावून वास घ्या, जळका वास महिनोन् महिने जात नाही. सीटखालचं झाकण काढून कोपऱ्यात चिखलाची वाळलेली रेघ आहे का बघा. गेल्या जुलैत एक गाडी आली होती. मालक शपथेवर सांगत होता की पाण्यात गेलीच नाही. पॅक उघडला तर तळाला बोटभर गाळ, सेलच्या टोकांना हिरवा थर आणि त्यात एक चपटा वाळलेला मासा. मग हळूच म्हणाला, विटाव्याच्या पुलाखाली पाणी होतं, पण "थोडंसंच".

शेवटचं. पॅकचं कंपनीचं सील शाबूत आहे का ते बघा. मी स्वतः पॅक बांधून पोट भरतो, तरी सांगतो: बाहेर बांधलेला किंवा दोन-चार सेल बदललेला पॅक असेल तर गाडी घेऊ नका. जुन्या सेलमध्ये नवे सेल म्हणजे म्हाताऱ्या बैलाबरोबर खोंड जुंपल्यासारखं. बांधणारा कसा होता हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. मलाही कळत नाही.

खारघर टेकडी

बॅटरीबद्दल वर आलंच आहे. मी माझी रडकथा सांगते, कारण माझी बॅटरी उत्तम निघाली आणि बाकी सगळ्यात मी बुडाले.

मी गेल्या वर्षी दोन वर्षं वापरलेली स्कूटर घेतली. मालक नाशिकला बदली होऊन चालले होते, घाईत व्यवहार झाला. घरी आणल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की गाडी त्यांच्या मोबाईल नंबरला बांधलेली आहे. ॲपमध्ये माझं नाव चढवायचं तर ओटीपी त्यांना जाणार. ते मीटिंगमध्ये असायचे, मी पार्किंगमध्ये. असे आठ दिवस. नंतर सर्व्हिस सेंटरने मालकबदलाचे वेगळे पैसे घेतले आणि नावावर झालेली आरसी मागितली. तुमचा मालक कॅनडात आहे. तिथे रात्र असते तेव्हा इथे दिवस असतो, हे आधी ठरवून ठेवा.

दुसरी गोष्ट चार्जर. त्यांच्याकडे भिंतीला ठोकलेला होता. मला वाटलं गाडीबरोबर एक सुटा असेलच. नव्हता. मधल्या काळात काही कंपन्या चार्जर गाडीपासून वेगळा विकायच्या. २०२३ मध्ये त्यावरून बराच गदारोळ झाला आणि कंपन्यांना ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. तेव्हा काकांकडे चार्जर कुठला आहे, त्याच गाडीचा आहे का, दोन्ही चाव्या आहेत का, हे सगळं डोळ्यांनी बघा.

तिसरी सगळ्यात महाग पडली. इन्शुरन्स चालू होता म्हणून मी निर्धास्त. तीन आठवड्यांनी उत्सव चौकात एका टेम्पोने बाजूने घासली, पुढचं सगळं प्लास्टिक गेलं. क्लेम नामंजूर, कारण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर आपोआप येतो, आपल्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. विकत घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायला अर्ज करायचा असतो. नो क्लेम बोनसही जुन्या मालकाचाच राहतो, तो तुमचा होत नाही. म्हणजे "इन्शुरन्स आहे हं" याला किमतीत फार वजन देऊ नका.

आरटीओत मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, तो बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी मुलाच्या नावावर आहे ना? मग काकांची सही चालणार नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे दिसतं. महाट्रॅफिकवर थकलेली चलानंही बघून घ्या. माझ्या गाडीवर वाशीची दोन निघाली, दोन्ही सिग्नलची. सभ्य माणूस होता म्हणे.

मधला वर्तकनगरचा

किमतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

काका बहुधा आजच्या गाडीची किंमत धरून ६० म्हणतायत. मूळ बिल मागा. २०२२ साली केंद्राची सबसिडी (फेम-२ योजना) बॅटरीच्या युनिटमागे १५ हजार होती, म्हणजे ३ युनिटच्या गाडीला ४५ हजारांपर्यंत. १ जून २०२३ पासून ती युनिटमागे १० हजारांवर आली आणि वरची मर्यादाही गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर उतरली. ती योजना मार्च २०२४ ला संपली. त्यामुळे त्यांच्या मुलाने खिशातून दिलेली रक्कम त्यांना वाटते त्यापेक्षा कमी असणार. घसारा त्या रकमेवर मोजा.

दुसरं, २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगी आठवत असतील. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षेच्या मानकाच्या सुधारणा दोन टप्प्यांत आल्या, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. तुमची गाडी त्याआधीची आहे. म्हणजे ती वाईट आहे असं नाही. पण त्या मॉडेलची बॅटरी कंपनीने परत बोलावून तपासली होती का, सॉफ्टवेअर अपडेट केलं का, हे गाडीचा चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि मुख्य म्हणजे नवीन बॅटरीचा भाव विचारा. तो आकडा तुमच्या खरेदीतच धरायला हवा, कारण कधी ना कधी तो द्यायचाच आहे.

बाकी मेकॅनिकल गोष्टी थोडक्यात. मागचा टायर बघा, या गाड्या जड असतात आणि उठताना जोर एकदम लावतात, तो आधी जातो. हँडल सरळ धरून पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा, खडखड आली तर फोर्कचा नाहीतर हँडलच्या बेअरिंगचा खर्च. मोटर चाकात असेल तर चाक हाताने फिरवून कान लावा, घरघर नको. बेल्ट असेल तर कडा दोरे सुटल्यासारख्या दिसतात का बघा.

आम्ही ठाणेकर चढाला येऊर वापरतो, पण तुम्हाला लांब पडेल.

ऐरोली सेक्टर ३

धाग्यात घुसतोय, सॉरी. कॉलेजला आहे. आमच्याकडे एक जण लायसन्स न लागणारी स्कूटर २२ हजाराला देतोय. नंबर प्लेट नाही, आरटीओची भानगडच नाही. ४५ चा स्पीड जातो म्हणतो. घेऊ का?

बॅटरीवाला कळवा

नको. लायसन्स न लागणाऱ्या गाडीची व्याख्याच अशी की मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ च्या आत. ४५ जाते म्हणजे कोणीतरी स्पीडची वायर काढलीय किंवा गाडी मुळातच त्यात बसत नाही. मग ती रजिस्टर न केलेली मोटारसायकल झाली. उद्या ठाणे-बेलापूर रोडला कोणाला धडकलास तर विमा नाही, आणि नसलेलं लायसन्स त्या दिवशी अचानक लागतं.

शिवाय २२ हजारात बहुतेक लेड-ॲसिड असणार, १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकामागे एक. दोन वर्षांच्या आसपास त्यांचा जीव जातो. बघायचीच असेल तर मल्टीमीटर घेऊन जा, कोणालातरी गाडी चढावर चालवायला लाव आणि त्या वेळी एकेक बॅटरी मोज. चार ठीक आणि एक साडेदहाच्या खाली आपटली तर ती पाचवी बाकीच्या चौघींना घेऊन जाणार.

कोपरखैरणेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांकडे चहा प्यायला गेले. पोलिसी पद्धत नाही, चहा आणि खारी.

मुलगा गेला तेव्हा बॅटरी "अर्ध्याच्या वर" होती. त्याने वडिलांना बजावलं होतं, महिन्यातून एकदा चार्ज करा. तर काका दर महिन्याला पासबुक भरून आले की चार्जर लावतात. पेन्शन जमा, गाडी जमा. १०० झालं की लगेच पिन काढतात, वीज फुकट जाऊ नये म्हणून. चुकू नये म्हणून कॅलेंडरवर पेन्सिलने "गाडी" असं लिहिलेलं मला दाखवलं. जून ते ऑक्टोबर, पाचही महिन्यांत. एवढा व्यवस्थित रेकॉर्ड आमच्या ऑफिसात नाही. गाडी सकाळी सावलीत असते, दुपारी तीननंतर ऊन येतं.

गाडी मुलाच्याच नावावर आहे, बोजा नाही. मूळ बिल सापडलं. वर्तकनगरचे दादा म्हणाले तेच, सबसिडी वजा झालेली आहे. चार्जर सुटा आहे, चाव्या दोन आहेत.

काकांनी शनिवार-रविवार गाडी दिली. वॅटमीटर मागवला होताच. तो बघून काका जरा दुखावले. "मी काय खोटं सांगतोय का?" म्हणाले. मी म्हटलं, काका, पोस्टातसुद्धा पाकीट वजन करूनच घ्यायचे ना. त्यावर हसले आणि मीटरचा आकडा बघायला स्वतःच खुर्ची घेऊन बसले.

रविवारी आम्ही दोघं आधी ऐरोलीपर्यंत जाऊन आलो, मग पाम बीचने बेलापूरला गेलो, संध्याकाळी पारसिक हिल चढलो, परत आलो. एकूण ५६ किलोमीटर. १०० वरून १८ टक्क्यांवर आली. चढावर ४१ चे ३३ झाले, वर सपाटीला थांबलो तर परत ३८. नवऱ्याचं वजन ८२ आहे, हे लिहू नको म्हणाला होता.

मग १८ ते १००. मीटरने २.०५ युनिट दाखवले. खाली झोपून टॉर्चने बघितलं: ओरखडे आहेत, पोचा नाही. सील आहे. मासा नाही.

नवीन बॅटरीचा भाव सर्व्हिस सेंटरला विचारला, ५८ हजार म्हणाले. म्हणजे काका मला जुन्या बॅटरीसकट गाडी नव्या बॅटरीपेक्षा महाग विकतायत.

बॅटरीवाला कळवा

काकांना माझ्या दुकानात नोकरी द्यायला तयार आहे.

गणित करू. भिंतीतून २.०५ आले. चार्जर गरम होतो ना, तिथे आणि बॅटरीत मिळून दहा-पंधरा टक्के जातात. १३ धरू. राहिले १.७८. हे १८ ते १०० चे, म्हणजे ८२ टक्क्यांचे. पूर्ण शंभराचे २.१७ युनिट. कागदावर ३ लिहिलंय, पण कंपनी वरखाली थोडी राखीव ठेवते. नव्या गाडीत वापरायला साधारण २.७ मिळत असतील असं समजू. तर तुमची ८० टक्क्यांवर आहे. साडेतीन वर्षं आणि सात हजार किलोमीटर याला हे मला कमी वाटतं.

पण एक शंका आहे. चढावर ४१ चे ३३, हे मरणाऱ्या सेलचं लक्षण नाही, विस्कटलेल्या सेलचं असू शकतं. पॅकमधले सगळे गट सारखे भरलेले नसतील तर सगळ्यात आधी भरलेला गट "बस" म्हणतो आणि चार्जिंग थांबतं, बाकीचे उपाशी राहतात. बीएमएस हे सारखं करतं, पण बहुतेक गाड्यांत ते काम पूर्ण भरल्यावर, फार बारीक करंटने चालतं. त्याला वेळ लागतो. काका तर १०० झालं की पिन काढत होते. काटकसर नडली.

तेव्हा दोन-तीन वेळा असं करा: पूर्ण भरू द्या, १०० दाखवल्यावरही तीन-चार तास पिन तशीच ठेवा. दिवसा, माणूस घरात असताना, रात्री झोपून नाही. मग पुन्हा मोजा. आकडा वाढला तर विस्कटलेली होती. जिथल्या तिथे राहिला तर खरंच आटलीय, मग ४० हजारांच्या वर देऊ नका. आणि बॅटरी हाताला कुठे वेगळी गरम लागली किंवा गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला, तर पुढचं काही करू नका, पिन काढा, गाडी घरापासून लांब उभी करा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा.

दिघा फाटक

मी आपलं पेट्रोल म्हणत होतो. पण हा मीटर कुठून मागवला तेवढं सांगा.

कोपरखैरणेकरीण

उशिरा लिहितेय, मधे दिवाळीचं होतं.

काकांनी आठवड्यात तीन वेळा चार्जिंग केलं, प्रत्येक वेळी १०० नंतर चार तास. शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. मग मी गाडी ऑफिसला नेली, पहिल्यांदाच. ३४ किलोमीटरला ४४ टक्के गेले. दुसऱ्या दिवशीही नेली, १४ टक्क्यांवर घरी आले. १४ ते १०० ला मीटर २.३ युनिट. मीच गणित केलं: २ युनिट बॅटरीत, भागिले ८६ टक्के, म्हणजे २.३३. आधीच्या २.१७ पेक्षा बरी. ऐरोलीच्या पुलाच्या चढावर टक्के हललेच नाहीत.

मी वहीचं पान फाडून दोन्ही आकडे काकांसमोर ठेवले, खाली मूळ बिल, त्याखाली ५८ हजार. त्यांनी रात्री मुलाला फोन लावला. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला ४५ सांगितलं होतं." काका गप्प. काकू आतून म्हणाल्या, "मी ऐकलं होतं." शेवटी ४७ हजारांवर ठरलं. वरचे दोन हजार काकांच्या पेपर वाचनाचे.

फॉर्मवर मुलाची सही लागणार. तो डिसेंबरमध्ये लग्नाला येतोय, तेव्हा आरटीओ, विमा आणि ॲप तिन्ही एकदम करू. खारघरच्या ताईंचं ऐकून तोपर्यंत पैसे दिलेले नाहीत, फक्त ५ हजार विसार. गाडी काकांच्याच दारात आहे. चार्जिंग तेच करतात, कॅलेंडरवर आता आठवड्याला "गाडी" लिहिलेलं असतं.

डिसेंबरपर्यंत मी रिक्षाच्या रांगेतच आहे.

ऐरोली सेक्टर ३

ताई, तो मीटर दोन दिवस मिळेल का? दुसरी एक गाडी बघतोय, घणसोलीला.

कोपरखैरणेकरीण

ये घेऊन जा, रविवारी दुपारी असते घरी. पण नंबर प्लेट आहे ना तिला? हिरवी, पांढऱ्या अक्षरांची? आधी फोटो टाक.